एकनाड

लहान मुलाच्या डोक्याचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. बालरोगतज्ज्ञ तो आकडा फाइलीत लिहून ठेवतात, घरी मात्र त्याकडे कुणाचे लक्ष नसते. वजन वाढले नाही तर घर काळजीत पडते. डोके मोठे असले तर कौतुकच होते. आमच्या भिलाई-दुर्गच्या पट्ट्यात आज्या म्हणतात, ‘सिर बड़ा सरदार का’. क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत मात्र हा आकडा पहिल्या वर्षात भराभर चढत जातो. मूल थोडे उशिरा बसते, उशिरा चालते. पण हसते, माणसे ओळखते, बोलते. एखाद्या दिवशी फिट येते, किंवा पलंगावरून पडल्याचे निमित्त होऊन ते बराच वेळ निपचित राहते. मग कुणीतरी मेंदूचा एमआरआय काढायला सांगते. फिल्म उजेडासमोर धरली की पाहणारा दचकतो. मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे संदेशवाहक तंतूंचा सारा पसारा, सुजलेला असतो आणि कानशिलांच्या मागे, कधी कपाळाकडेही, पाण्याच्या पोकळ्या असतात.

या आजाराचे पूर्ण नाव ‘मेगालेन्सेफॅलिक ल्यूकोएन्सेफॅलोपॅथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स’. डॉक्टर त्याला एमएलसी म्हणतात. (आपल्याकडच्या इस्पितळांत एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण, आणि महाराष्ट्रात विधान परिषदेचा आमदार. आईबापांनी हे अक्षर पहिल्यांदा ऐकले की काय समजावे?) मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली अशा मुलांविषयी पहिल्यांदा वैद्यक परिषदेत सांगितले. त्यांच्याकडे येणारी ही मुले बहुतेक एकाच समाजातली, अग्रवाल घरांतली होती. १९९५ साली ॲमस्टरडॅमच्या मार्यो व्हान डर क्नाप यांनी आठ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. जगभर आजार त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्या डच निबंधाच्या शीर्षकातच एक विसंगती नोंदवलेली होती: चित्र जितके भयंकर, तितकी मुले आजारी नव्हती. केवळ फिल्म पाहिली तर वाटावे, हे मूल अंथरुणातून उठत नसेल. प्रत्यक्षात ते बाहेर खुर्च्यांवर चढत असते. पुढे चालणे हळूहळू बिघडते, तोल जातो, पाय ताठर होतात. पुष्कळांना विशी यायच्या सुमारास चाकाची खुर्ची लागते. फिट्सचा त्रास असतो. पण बुद्धी त्या मानाने बरीच टिकते आणि काही जण चाळिशी ओलांडतात. हे सगळे सोपे नाही. तरी फिल्मवर जे दिसते ते हे नव्हे.

असे का होते, याचे उत्तर पाण्यात आहे. एमआरआय यंत्र मुख्यत्वे शरीरातल्या पाण्याचेच चित्र काढते. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन चुंबकाला प्रतिसाद देतो, म्हणून आपल्याला मेंदू दिसतो. आणि हा आजार मुळात पाण्याचाच. मेंदूतल्या आधारपेशींमध्ये क्षार आणि पाणी यांची ये-जा सांभाळणारे एक प्रथिन नीट बनत नाही, त्यामुळे तंतूंच्या वेष्टणात पाणी साचत राहते. पाणी पाहणारे यंत्र पाण्याचा आजार पाहते तेव्हा त्याला सगळीकडे पूरच दिसणार. त्या पुराखाली तंतू अजून काम करत आहेत, हे त्याला दिसत नाही. ते मुलाकडे पाहिल्यावर कळते.

मी भाषांतर करून पोट भरते. कथा-कवितांचे कमी, करारनामे, संमतिपत्रे, दवाखान्याचे कागद यांचे जास्त. मेंदूच्या तपासणीचा असा एक रिपोर्ट काही वर्षांपूर्वी माझ्याकडे हिंदी करण्यासाठी आला. ओळखीतल्या एका बाईंना तो सासू-सासऱ्यांना वाचून दाखवायचा होता. इंग्रजी रिपोर्टाची स्वतःची एक सावध बोली असते. ‘आहे’ असे तो क्वचित म्हणतो. ‘असल्याचे सुचवणारे’, ‘त्याशी सुसंगत’ असे म्हणतो. शेवटी बहुतेक रिपोर्टांवर एक वाक्य असते: प्लीज कोरिलेट क्लिनिकली. ते इतके सवयीचे झाले आहे की कुणी ते वाचत नाही, डॉक्टरांमध्येही त्यावर विनोद चालतात. मीही ते ‘कृपया रुग्ण की दशा से मिलाकर देखें’ असे लिहून मोकळी होणार होते. पण त्या बाईंनी नेमके तिथेच बोट ठेवले. ‘दीदी, याचा अर्थ रिपोर्ट चुकीचा असू शकतो असा का?’

तसा अर्थ नाही. पण जो अर्थ आहे तो त्याहून मोठा आहे. चित्र काढणारा स्वतःच सांगतो आहे की माझे वाक्य अर्धे आहे, उरलेले अर्धे तुमच्या समोर बसले आहे. मराठीत मी ते ‘मुलाशी ताडून पाहा’ असे करीन. सासऱ्यांना मात्र फिल्म हवी होती. ती त्यांनी खिडकीशी धरली, पाण्याच्या पोकळ्या बोटाने मोजल्या, आणि त्या दिवसापासून मुलाला शाळेत घालण्याचा विषय घरात बंद झाला. मुलगा तोच होता, आदल्या दिवशीचा. बदलली होती ती त्याच्याकडे पाहण्याची नजर. वर्तमानकाळातल्या वाक्याचे घराने भविष्यकाळात भाषांतर केले, आणि ते चुकीचे होते.

चुकीचे का, तर याच आजाराचा एक प्रकार २०११ नंतर स्पष्ट झाला आहे. त्यात दोष दुसऱ्याच जनुकात असतो. पहिल्या वर्षी या मुलांची फिल्म आणि वर सांगितलेल्या मुलांची फिल्म वेगळी ओळखता येत नाही. पण पुढे या मुलांची सूज उतरते, चालणे सुधारते, काहींच्या बाबतीत चित्र जवळजवळ सामान्य होते. तेच चित्र, दोन आयुष्ये. म्हणून चित्र पाहून आजार ओळखणे आणि चित्र पाहून मुलाचे भवितव्य सांगणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीत वैद्यक फार पुढे गेले आहे. दुसरी आपण घरी बसून करतो.

मेंदूची चित्रे वाचणारे उपमांच्या आधारे वाचतात, ही मला त्यांची सर्वांत ओळखीची वाटणारी गोष्ट. विल्सनच्या आजारात मध्यमेंदूत पांडाचा चेहरा दिसतो. ज्यूबेर सिंड्रोममध्ये दाढ दिसते. मेंदूत लोह साचणाऱ्या एका आनुवंशिक आजारात वाघाचा डोळा दिसतो. या शेवटच्या आजाराला पूर्वी हालरफोर्डन आणि श्पाट्स या दोन जर्मन शास्त्रज्ञांचे नाव होते. हालरफोर्डन यांनी नाझी राजवटीत ‘दयामरणा’च्या नावाखाली मारलेल्या माणसांचे शेकडो मेंदू अभ्यासासाठी स्वीकारले होते. २००१ साली त्या आजाराचे जनुक सापडले आणि जुने नाव मागे टाकायला एक सभ्य वाट मिळाली. आता तो जनुकाच्या नावाने ओळखला जातो. माणसाचे नाव काढता आले. समाजाचे नाव असेल तर?

कारण एमएलसीच्या जनुकाचाही शोध २००१ सालचाच, आणि त्यानंतर वैद्यकीय नोंदींत ‘इंडियन अग्रवाल’ हे शब्द आजाराच्या नावाला जोडलेले सापडतात. तपासलेल्या अग्रवाल मुलांमध्ये सगळीकडे एकच बदल आढळला: जनुकाच्या अक्षरमालेत एका ठिकाणी ‘सी’ हे एक अक्षर जास्तीचे घुसलेले. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते, त्यामुळे एक अक्षर वाढले की पुढचा सारा मजकूर सरकतो. प्रुफे तपासलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

या नावाचा उपयोग आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मोठ्या डोक्याचे मूल आणि अग्रवाल आडनाव एकत्र समोर आले की जाणत्या डॉक्टरला दहा तपासण्या कराव्या लागत नाहीत. फिल्म एक, आणि त्या एका अक्षराची तपासणी. खर्च वाचतो, महिने वाचतात, आणि निदान झाल्यावर करण्यासारखे थोडे तरी असते: फिट्सवर औषध, आणि डोके सांभाळणे, कारण साध्या माराने हे मूल काही काळ बेशुद्ध राहू शकते. पण नाव दुसऱ्या बाजूनेही कापते. हा आजार तुर्की घरांत आहे, लिबियातून आलेल्या ज्यूंमध्ये आहे, जपानमध्ये आहे. आडनाव अग्रवाल नसलेल्या मुलाच्या बाबतीत तो सुचायला उशीर होऊ शकतो. आणि आडनाव अग्रवाल असले की लग्नाच्या बाजारात उगाच एक कुजबुज.

त्यातही गंमत अशी की हा समाज नात्यातल्या लग्नांबाबत आपल्यापेक्षा कडक. महाराज अग्रसेनांची आणि अग्रोह्याची कथा सांगणाऱ्या या समाजाची गोत्रे परंपरेने साडेसतरा, आता अठरा म्हणण्याचा प्रघात आहे. सगोत्र लग्न वर्ज्य. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावून देणारी घरे आजही आहेत. तेव्हा या विषयावर मराठी माणसाने नाक वर करू नये. पण गोत्र बापाकडून येते आणि जनुके दोन्हीकडून. कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचे ते जास्तीचे अक्षर लेकींबरोबर एका गोत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सासरी गेले. गोत्राची भिंत त्याला अडवू शकली नाही. उलट त्याला सगळ्या गोत्रांत नेले. अडवले ते बाहेरच्या भिंतीने. समाजाबाहेर लग्न नाही, म्हणून ते अक्षर समाजाबाहेर गेले नाही आणि आत ते पुन्हा स्वतःलाच भेटत राहिले.

ही एका समाजाची गोष्ट नाही. हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८१ समूहांमध्ये थोड्या पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला, आणि त्यांतले १४ समूह दहा लाखांहून मोठ्या लोकसंख्येचे होते. म्हणजे ‘आमचा समाज केवढा मोठा, आमच्यात असे कुठून येणार’ हे समाधान खरे नाही. जात किती मोठी आहे यापेक्षा ती किती थोड्या माणसांपासून सुरू झाली आणि किती काळ बंद राहिली, हे महत्त्वाचे. भिलाईत हे रोज डोळ्यांसमोर असते. १९५५ पासून या गावात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, सेक्टरांमधून भिंतीला भिंत लावून राहिली, एकाच भोंग्यावर कामाला गेली, एकमेकांची भाषा शिकली. लग्न ठरवायला मात्र प्रत्येक जण गाडीत बसून ‘आपल्याकडे’ गेला. आम्ही मराठी लोक नागपूरकडे.

तर आता लग्न. आजार होण्यासाठी मुलाला ते बिघडलेले जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळावे लागते. दोघेही स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. अशा ठणठणीत माणसाला मराठीत ‘वाहक’ म्हणतात. एसटीत तिकिटे फाडणाराही वाहक आणि मलेरियाचा डासही वाहक. त्यातला डासच लोकांच्या डोक्यात राहतो. मग वाक्य तयार होते: तिच्यात दोष आहे. (‘त्याच्यात’ असे मी फार कमी वेळा ऐकले आहे, वास्तविक हिशेब दोघांचा अगदी समान असताना.)

माझे म्हणणे असे की हे वाक्य नुसते निर्दय नाही, ते खोटे आहे. एकट्या माणसाबद्दल ते काहीच सांगत नाही. एका बिघडलेल्या जनुकाने त्याच्या तब्येतीत फरक पडत नाही. दोन माणसांच्या जोडीबद्दलच काही सांगता येते. हे व्यक्तीचे विशेषण नव्हेच. ते दोन नामांमधले उभयान्वयी अव्यय आहे. आणि आश्चर्य म्हणजे अशा गोष्टीसाठी आपल्याकडे शब्द आहे. पत्रिका जुळवताना आद्य, मध्य, अंत्य यांपैकी दोघांची नाडी एकच निघाली तर ‘एकनाड’ म्हणतात आणि संततीच्या दृष्टीने ते लग्न टाळतात. छत्तीस गुणांत नाडीचे आठ. मुलीची नाडी आद्य आहे म्हणून तिला कुणी नावे ठेवत नाही. कुठली ना कुठली नाडी प्रत्येकाची असतेच. एकनाड ना तिची ना त्याची. ती त्या जोडीची. तिचे दुसरीकडे लग्न होते, त्याचेही होते, आणि गोष्ट संपते.

घाईने सांगून टाकते: आपल्या पूर्वजांना जनुके ठाऊक होती, असे मी म्हणत नाही. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते आणि नक्षत्राचा मेंदूतल्या पाण्याशी संबंध नाही. मी व्याकरणाबद्दल बोलते आहे. तेच लोक मंगळाबाबत उलट वागतात: तिथे मंगळ ‘मुलीला’ असतो, तो तिच्याबरोबर घरोघर फिरतो, आणि दोघांनाही असला तर कटतो. आनुवंशिक आजार एकनाडीसारखा आहे. आपण तो मंगळासारखा वागवतो. मंगळाच्या तर्काने एका वाहकाला दुसरा वाहक शोधून द्याल, तर नेमका अनर्थ कराल.

न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यूंमध्ये हे व्याकरण एका बापाने व्यवहारात आणले. रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची चार मुले टे-सॅक्स या मेंदूच्या आनुवंशिक आजाराने गेली. १९८३ मध्ये त्यांनी ‘डोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुण मुलामुलींचे रक्त तपासले जाते, नाव न लिहिता एक क्रमांक दिला जातो. स्थळ आले की दोन्ही क्रमांक कळवायचे. उत्तर येते, जुळते किंवा जुळत नाही. दोघांपैकी एकच वाहक असेल तर ते त्यालाही सांगत नाहीत. ज्याचा त्याला उपयोग नाही आणि लोकांना मात्र दुरुपयोग आहे, असे ज्ञान कुणाच्याच हाती द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. माणसाच्या स्वतःच्या शरीराची माहिती त्याच्यापासून लपवणे हा एक प्रकारचा वडिलकीचा जुलूम आहे. शिवाय ठरवून होणाऱ्या लग्नांतच हे चालते. प्रेमात पडून चार वर्षे झालेल्यांना फोनवर ‘जुळत नाही’ ऐकवण्यात काय अर्थ? आणि यातून जातीबाहेर जायची वाट मोकळी होत नाही, जातीच्या आत राहणे तेवढे सुरक्षित होते. तरीही कलंक कमी करणे हा हेतू धरला तर आपल्या सरकारी कार्डांपेक्षा ही पद्धत मला अधिक विचारी वाटते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली; चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. छत्तीसगढ आणि विदर्भ, दोन्हीकडे हा आजार घराघरातला. काम अत्यंत आवश्यक. पण रंगीत कार्ड एकट्या माणसाच्या नावावर निघते, त्याच्या घरी राहते, आणि अठरा वर्षांची मुलगी ते कुठे ठेवते, कुणाला दाखवते, यावर मोहीम काही बोलत नाही.

सगळ्याच आजारांना एक नियम लावता येत नाही. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साचते, आणि १९५६ पासून त्यावर औषध आहे. तिथे एका मुलाचे निदान झाले की त्याच्या भावंडांना न तपासणे हा अपराध, कारण लक्षणे दिसण्याआधी औषध सुरू केले तर आजार रोखता येतो. एमएलसीत मूळ आजारावर औषध नाही. तिथे धडधाकट धाकट्या बहिणीची ती वाहक आहे का ही तपासणी आत्ताच करून कुणाचे भले होणार? ती मोठी झाली की तिने ठरवावे, असे बहुतेक वैद्यकीय संघटना सांगतात. मलाही तसेच वाटते. फक्त आपल्याकडे ‘ती मोठी झाली’ आणि ‘तिला पाहायला येताहेत’ यांत किती दिवसांचे अंतर असते, हे त्या संघटनांना ठाऊक नसावे.

रिपोर्ट घेऊन आलेल्या बाई पुढे पुन्हा गरोदर राहिल्या, तेव्हा त्यांनी मला गर्भाच्या तपासणीच्या संमतिपत्राचे हिंदी करायला सांगितले. कायदा अशी तपासणी करू देतो. ज्या कायद्याने लिंगनिदान बंद केले, त्यानेच गंभीर आनुवंशिक आजारांसाठी ती वाट उघडी ठेवली आहे. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. मुलगा शेजारच्या खोलीत गाड्यांची रांग लावत होता, तिरकी, पण रांगच. कागदावर ‘प्रिव्हेन्शन ऑफ डिसीज’ असे शब्द होते. मी ‘रोग की रोकथाम’ लिहिले. त्या म्हणाल्या, ‘रोकथाम कोणाची? रोगाची तर झालीच आहे, तो आत खेळतोय.’

त्यांचा रोख मला कळला. लग्नाआधीची तपासणी एक लग्न टाळते. गर्भाची तपासणी एक जन्म टाळते. रोग टाळणे आणि रोगी टाळणे यांत एका वेलांटीचा फरक आहे, आणि कागदाने तो मिटवला होता. मी गर्भपाताच्या विरोधात नाही; ज्या बाईला पुढची तीस वर्षे एक खुर्ची ढकलायची आहे तिने दुसरी नको म्हटले तर तिला उपदेश करणारा मी माणूसच मानत नाही. पण तो निर्णय तिने नेमक्या शब्दांवर सही करून घ्यावा, आणि पलीकडच्या खोलीतले मूल मोठे होऊन ते शब्द वाचू शकेल हे धरून ते लिहिलेले असावेत. या आजारातली मुले वाचू शकतात. बुद्धी टिकते, हे मी वर सांगितलेच आहे.

आम्ही ते वाक्य चार वेळा बदलले. शेवटी त्यात ‘रोकथाम’ राहिले नाही. ‘गर्भातल्या बाळाला हा आजार आहे की नाही हे पाहण्यासाठी आणि त्यानंतर काय करायचे ते आम्ही ठरवू’, एवढेच राहिले. इस्पितळाने त्या वाक्याला हरकत घेतली नाही. तपासणीचे काय निघाले ते मी विचारले नाही.